एस-५ चा शिक्का आणि आमचे आण्णा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत मला अजून ‘फौजी’च म्हणतात. कागदावर मात्र मी ‘इनव्हॅलिड आऊट’, म्हणजे आजारामुळे फौजेतून कमी केलेला, श्रेणी एस-५. फौजेच्या तब्येत मोजायच्या ‘शेप’ पद्धतीत एस म्हणजे मन, आणि ५ म्हणजे नोकरीला कायमचा अपात्र.

मेडिकल बोर्डानं लिहिलंय, आजार सेवेमुळे झाला नाही आणि सेवेमुळे वाढलाही नाही. झालं, डिसॅबिलिटी पेन्शन बाद. भरतीच्या वेळी हेच डोकं ठणठणीत म्हणून त्यांनीच पास केलं होतं की!

वकीलसाहेबांनी २०१३ चा धर्मवीर सिंग निकाल वाचायला दिला. सुप्रीम कोर्ट म्हणतं, भरती होताना आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच उद्भवला असं धरायचं. नाही म्हणायचं असेल, तर बोर्डानं कारणं लिहायला हवीत. माझ्या कागदावर कारणाच्या रकान्यात एकच तुटकी ओळ आहे. वकील त्या ओळीवर भलतेच खूश.

पेन्शन नाकारल्याविरुद्धची माझी दोन्ही अपिलं फेटाळली गेली. आता फौजींचे खटले चालवणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ.

घरातल्या थोरल्यांना, आमच्या आण्णांना, हे खटल्याचं पटत नव्हतं. ‘डोक्याचा कागद गावभर कशाला मिरवतोस?’ यंत्रमागावर उभं राहून मोठ्यानं बोलायची सवय, त्यामुळे गावाला त्यांच्याकडूनच कळलं असावं. पेन्शन मिळाली तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड मिळेल, गोळ्यांचा खर्च वाचेल, हे सांगितल्यावर जरा नरमले.

तारीख दिवाळीनंतर आहे. म्हणाले, ‘मीपण येतो. मुंबईत चादरीचं एक गिऱ्हाईक पैसे थकवून बसलंय.’