तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्म एवढी अंधारी का?

प्रत्येक स्क्रीनिंगनंतर कोणीतरी हात वर करतं आणि मला आधीच कळतं काय येणार आहे. "फिल्म छान आहे हो, पण कासवांचा भाग एवढा अंधारा का? नीट दिसतच नाही काही." काहीजण बिचारे सांभाळून घेतात, वर्गणीतून काढलेली फिल्म आहे, कॅमेरा साधा असेल. कॅमेरा साधा नव्हता. उसना होता, पण चांगला होता.

तर एकदाच लिहून टाकते.

समुद्री कासवाची मादी अंडी घालायला रात्री वर येते (केम्प्स रिडलेसारखी एखादी जात दिवसाढवळ्या येते, पण आमची ती नव्हती). पाण्यातून बाहेर येऊन जागा शोधत असते तेव्हा ती जाम बिचकते, उजेड चमकला, कोणी हललं की अंडी न घालताच परत वळू शकते. हे सगळं मी वाचून गेले होते आणि तरीही पहिल्या सीझनला एलईडी पॅनल लावला, अगदी कमीवर, दोन सेकंद, फक्त फोकस बघायला. ती थांबली. मग वळली आणि गेली. बरोबर जी मंडळी वर्षानुवर्षं रात्रीची गस्त घालतात त्यांच्यातलं कोणी मला एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं, कारण फिल्मची पहिली वर्गणी त्यांनीच काढलेली.

तेव्हापासून पांढरा लाईट बंद. मग उरतं काय, तर चांदणं, एफ १.४ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, आणि एक लाल मंद टॉर्च, तोही अंडी पडायला लागल्यावर, मागच्या बाजूने. साधारण ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा लालसर उजेड त्यांना कमी त्रास देतो, कमी म्हणजे शून्य नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १२८०० च्या वर नेली की पडद्यावर मुंग्या येतात, त्या एडिटमध्ये साफ केल्या तर वाळू प्लास्टिकची दिसायला लागते, म्हणून थोड्या मुंग्या मुद्दाम ठेवल्यात. इन्फ्रारेडही करून बघितलं. दिसतं मस्त, पण सगळं काळंपांढरं, कासव कमी आणि सीसीटीव्हीत सापडलेला चोर जास्त वाटतं. दोनच शॉट ठेवले.

पिल्लांचं तर अजून अवघड. वरची वाळू थंड झाली की बहुतेक रात्रीच निघतात आणि क्षितिजाकडे जिथे जास्त उजेड तिकडे पळतात, अंधाऱ्या किनाऱ्यावर तो समुद्राकडे असतो. तुम्ही लाईट लावलात की सगळी वळून तुमच्याकडे येणार. क्लोजअप काय भारी मिळेल!

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, की मग इतर ठिकाणी सकाळच्या उन्हात पळणारी पिल्लं कशी दिसतात? काही खरंच पहाटे निघतात, मागे राहिलेली असतात, ढगाळ दिवशी दिवसाही निघतात. पण रात्री आलेली टोपलीत धरून ठेवायची आणि उजाडल्यावर सोडायची, असंही केलं जातं. घरट्यातून निघालेलं पिल्लू पहिले साधारण २४ तास वेड्यासारखं पोहत सुटतं, किनाऱ्याजवळच्या पाण्यात खाणारे जास्त म्हणून तिथून लवकर निसटायचं असतं, आणि त्यासाठी शिदोरी म्हणजे पोटात उरलेला बलक. टोपलीत रात्रभर धडपडून तीच शिदोरी संपते.

एक स्पॉन्सर तयार होता बरं का. अट एवढीच की सकाळी, चांगल्या उजेडात, त्यांच्या टीशर्टवाल्या लोकांच्या हातून पिल्लं सोडताना शूट करायचं. आम्ही लगेच बाणेदारपणे नाही म्हणालो असं अजिबात नाही, दोन आठवडे भांडलो आपापसात, कारण हार्डडिस्क घ्यायलाही पैसे नव्हते. शेवटी गस्तवाल्यांनीच नाही म्हणून सांगितलं आणि परत वर्गणी फिरवली.

आणि खरं सांगायचं तर पगारी क्रू घेऊन हे जमलंच नसतं. अंडी घातल्यापासून ४५ ते ६० दिवस, वाळूच्या तापमानावर कमीजास्त, नक्की रात्र कोणीच सांगत नाही. घरट्यावरची वाळू थोडी खचली की समजायचं जवळ आलंय, मग नुसतं बसायचं. एका घरट्यापाशी आम्ही नऊ रात्री बसलो आणि पिल्लं निघाली तेव्हा मी डुलकी काढत होते, तो शॉट गस्तीवरच्या एका मुलाने घेतलाय, थोडा हललाय, तोच फिल्ममध्ये आहे.

हो, आणि दुसऱ्या मिनिटाला वाळूत एक यू आकाराची रेघ दिसते, पाण्यातून वर आलेली आणि तशीच परत गेलेली. सकाळी शूट केलीय, भरपूर उजेड आहे, तिच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही. ती त्या एलईडीवाल्या रात्रीची आहे.

तुमच्याकडे स्क्रीनिंग ठेवणार असाल तर खिडक्यांचे पडदे आधी लावून बघा, आणि दाराच्या वरचा तो एक्झिटचा दिवा पडद्यावर पडत नाही ना तेही. निम्मी तक्रार तिथेच मिटते.