चोवीस आठवड्यांचा नियम

श्रावणातले रविवार आमच्या धंद्यात सोन्याचे. दिवाळीच्या सहलींची चौकशी तेव्हाच सुरू होते. डोंबिवलीत लोक सकाळी भाजी घेऊन परतताना ट्रॅव्हलवाल्याकडे डोकावतात, अळूची पानं डोकावणारी पिशवी टेबलाला टेकवून ठेवतात आणि ‘फक्त चौकशी करायचीय’ म्हणत तासभर बसतात. २०२५ च्या ऑगस्टमधल्या अशाच एका रविवारी एक अख्खं कुटुंब आलं. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, थोरल्याचा नववीतला मुलगा आणि सात वर्षांची मुलगी, धाकट्याचा अडीच वर्षांचा पोरगा. खुर्च्या अर्थातच पुरल्या नाहीत. नववीतला दाराला टेकून उभा राहिला, अडीच वर्षांच्याने माझ्या टेबलाखाली मुक्काम ठोकला.

क्रूझला जायचं एवढं घरी ठरलं होतं. कुठल्या, यावर घरात तट पडले होते.

आजोबांचा हट्ट मुंबईचा. उभी हयात मुंबईच्या गोदीत क्रेनवर गेलेली. ‘बॅलार्ड पियरवरून आपली कॉर्डेलिया सुटते, ती सोडून सिंगापूरला कशाला मरायला जायचं?’ थोरल्या सूनबाईंना डिस्नेचं नवं जहाज हवं होतं. डिस्ने अ‍ॅडव्हेंचर सिंगापूरहून १५ डिसेंबरपासून सुटणार अशी तेव्हा जाहिरात होती, त्यामुळे त्यांच्या डोक्यात नाताळ पक्का. नववीतल्याला रॉयल कॅरिबियन, कारण त्यांच्या काही मोठ्या जहाजांवर हवेच्या झोतात तरंगायचा खेळ असतो आणि त्याचा व्हिडिओ त्याने मला लगेच दाखवला. आजींची अट एकच: चातुर्मास सोडणार नाही, कांदा-लसूण ताटात येता कामा नये. धाकटी पाती गप्प. ‘सगळे म्हणतील ते,’ एवढंच.

लोक जहाजांची तुलना घसरगुंड्यांवरून करतात. मी आधी जन्मतारखा मागते. मुलं असलेल्या घराचं जहाज पत्रकावर ठरत नाही, त्या तारखांवर ठरतं. डिस्ने काय, रॉयल काय, मुलांच्या क्लबात तीन वर्षं पूर्ण आणि शी-शू सांगणारं मूल लागतं. लंगोट घातलेलं मूल मोठ्या तरणतलावात उतरवत नाहीत, मग तो लंगोट पोहायचा म्हणून विकत घेतलेला का असेना. म्हणजे टेबलाखालच्या या गृहस्थांना क्लबाचं दार बंद, बहुतेक वेळ आई-बापच सांभाळणार होते. हे मी सांगितलं तेव्हा धाकटी हसली, पण ते हसू काही खरं वाटलं नाही.

तारखा लिहून झाल्यावर नेहमीचे प्रश्न घेतले. कुणाला हृदयाचा त्रास? आजोबांना बीपी. चाकाची खुर्ची? ‘अजून नाही,’ आजी. कुणाला शेंगदाण्याची वगैरे अ‍ॅलर्जी? नाही. कुणी गरोदर? थोरल्या सूनबाई म्हणाल्या, ‘आता या वयात कुठं!’ सगळे हसले आणि मी पुढे गेले. सवयीने एवढंच म्हटलं, ‘विचारावं लागतं. प्रवास संपायच्या आत चोवीसावा आठवडा लागत असेल तर जहाजवाले घेत नाहीत.’

आजोबा माझी परीक्षा घ्यायला लागले. नऊ माणसांना किती खोल्या, आणि एका खोलीत चार माणसं असली तर जीवरक्षक होडीतही चार जागा असतात का? प्रश्न ऐकून मला माणूस आवडला. टायटॅनिकनंतर, १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून, प्रत्येक माणसाला होडीत जागा हा नियम आला. त्यामुळे जहाजाच्या एखाद्या भागातल्या होड्यांच्या जागा भरल्या की खोल्या रिकाम्या असूनही तिसरा-चौथा माणूस घेता येत नाही. तान्हं मूलही त्यात एक अख्खा माणूस. चार जणांच्या खोल्या सुट्टीत आधी संपतात त्या यामुळे. नातेवाईक तीन महिन्यांनी ‘आम्हालाही त्याच जहाजावर घ्या’ म्हणतात तेव्हा मला हेच पुन्हा पुन्हा समजवावं लागतं.

हे सांगत असतानाच फोन थरथरला. अनोळखी नंबर.

‘मॅडम, मी समोरच बसलेय. चोवीस आठवड्यांचा नियम सगळ्या जहाजांना आहे का? प्लीज मोठ्याने सांगू नका.’

वर बघायचं नाही एवढं भान राहिलं. धाकटी मुलाला टेबलाखालून बाहेर ओढत होती, फोन मांडीवर उपडा. तिचा नवरा भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मादागास्कर शोधत असल्यासारखा उभा. म्हणजे त्याला माहीत होतं.

मी टेबलाच्या कडेआड टाइप केलं, ‘बहुतेक सगळ्या. आज किती आठवडे?’

‘दहा. घरी सांगितलं नाहीये. मागच्या वेळी लवकर सांगितलं होतं.’

त्या शेवटच्या वाक्यानंतर काही विचारायची सोय नव्हती.

आजोबांचं होड्यांवर चालूच होतं. माझं ‘हो, हो’ त्यांच्याकडे आणि हिशेब मनात. आज दहा, तर भाऊबीज झाल्यावर निघालं तर परतताना बावीसच्या आसपास. नियमात बसतं. नाताळात तीस. गेलं ते. मार्चच्या सुरुवातीला बाळंतपण. मग मे महिना? मे महिन्यात बाळ दोन-अडीच महिन्यांचं, आणि सहा महिन्यांच्या आतलं बाळ रॉयल किंवा डिस्ने घेत नाहीत. म्हणजे या घरासाठी दार एकच उघडं होतं, दिवाळीचं. नाहीतर थेट पुढची दिवाळी. आणि हे त्या खोलीत आम्हा तिघांनाच कळणार होतं.

मी लिहिलं, ‘आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्या हो म्हणाल्या तर दिवाळीच. बाकी मी बघते.’

विमानवाले त्यानंतरही गरोदर बाईला नेतात, मग जहाजवाले का नाहीत, असं पुष्कळजण विचारतात. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो, पण अवेळी बाळंतपण झालं तर तेवढ्याशा बाळाला सांभाळायची सोय नसते आणि किनारा कित्येक तासांवर असू शकतो.

आता बोलायला सुरुवात केली. सांगायला अभिमान वाटतो की त्या तासाभरात मी खोटं एकही बोलले नाही.

डिस्नेचं आधी घेतलं. जहाज अवाढव्य, साधारण ६,७०० प्रवाशांचं. मुळात दुसऱ्याच कंपनीसाठी जर्मनीत विस्मारला बांधायला घेतलेलं, २०२२ मध्ये डिस्नेने घेतलं. सात वर्षांच्या मुलीसाठी स्वर्ग आहे, हे मी कबूल केलं. पण ते तीन-चार रात्रींत कुठल्याच बंदराला लागत नाही. ‘आजी-आजोबांनी तीन दिवस काय करायचं? मिकीचा हात धरून फोटो?’ आजोबांनी मान डोलावली. वर नाताळचे दर, आणि अगदी पहिल्या महिन्यातलं जहाज. नव्या जहाजाच्या पहिल्या फेऱ्यांना म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन जाऊ नये असं माझं जुनं मत आहे. आधी स्वयंपाकघराचा हात बसू द्यावा. थोरल्या सूनबाई खट्टू झाल्या. (पुढे नोव्हेंबरात जाहीर झालं की त्या जहाजाची पहिली फेरी १० मार्च २०२६ वर गेली. हे मला तेव्हा माहीत असायचं कारण नव्हतं, पण सूनबाई अजून मला अंतर्ज्ञानी समजतात.)

मग मुंबईचं. पासपोर्ट नको, व्हिसा नको, घरून टॅक्सीने बंदरावर. आजोबांचा मुद्दा बिनतोड होता. नववीतल्याला मी सांगितलं की कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे जहाज १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनसाठीच बांधलेलं, तेव्हा नाव नॉर्डिक एम्प्रेस. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आजोबांना मात्र पाच रात्रींची लक्षद्वीपची फेरी हवी होती, आणि तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. भर समुद्रात छोट्या बोटीत उतरावं लागतं. लाट वर-खाली होत असते, खलाशी हाताला धरतो, पाऊल नेमक्या क्षणी टाकायचं. ‘आजींच्या गुडघ्यांना जमेल?’ मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर गुडघे नव्हते, हे ओळखणारी एकच व्यक्ती खोलीत होती. तिने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही बोलली नाही.

रॉयल मला स्वतःला आवडतं, पण तिथे वरखर्च चढतो. रॉयलवर साध्या खोलीला टीपच तेव्हा माणशी दिवसाला १८.५० डॉलर, मुलांची धरून. शिवाय बंदराचे कर, जीएसटी, परदेशी सहलीवरचा टीसीएस, म्हणजे सहल विकतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, त्या वर्षी दहा लाखांपर्यंत पाच टक्के. थोरल्याने फोनवर गुणाकार केला आणि नववीतल्याकडे न बघता फोन खिशात ठेवला.

राहिलं गेंटिंग ड्रीम. २०१६ चं जहाज, २०२२ पासून सिंगापूरहून सुटतं. मी तीन रात्रींची, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पेनांगकडे जाणारी फेरी समोर ठेवली. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा, त्यामुळे पाणी पुष्कळसं आडोशाचं, आणि किनारा फार लांब राहत नाही. पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, दोरांवरून चालायचा खेळ आहे, म्हणजे दोन्ही मोठ्या मुलांची सोय झाली. जहाजाच्या मध्यावरच्या, खालच्या मजल्यावरच्या खोल्या मागून घेईन म्हटलं, तिथे डुलणं कमी जाणवतं. आणि जेवणात जैन थाळी मिळते, म्हणजे आजींचा चातुर्मास शाबूत.

‘पण मला बटाटा चालतो हो!’ आजी एकदम कासावीस. जैन म्हटलं की बटाटाही जातो हे त्यांना माहीत होतं. दिवाळी कार्तिकी एकादशीच्या आधी, त्यामुळे सुटका नव्हती. शेवटी पेनांगला उतरल्यावर बटाट्याची सोय बघू असं ठरलं.

इतकं सगळं मार्गी लागलं आणि पासपोर्ट निघाले. आजी-आजोबांचे मार्चमध्ये संपणारे. सिंगापूरला सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते.

‘मग काय घाई आहे?’ आजोबा म्हणाले. ‘निवांत नवे काढू, मे महिन्यात जाऊ. शाळांनाही सुट्टी.’

सगळ्यांना पटलं. खरोखरच पटण्यासारखं होतं. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सरळ पाहिलं. तत्काळमध्ये पासपोर्ट पटकन होतात, मी म्हटलं. आजोबा म्हणाले, जादा पैसे कशाला. मे महिन्यात भाडी चढतात, मी म्हटलं. थोरला म्हणाला, दिवाळीत काय कमी असतात? मुद्दे संपत आले होते. दाराला टेकून उभा असलेला नववीतला फोनमध्ये बुडालेला दिसला आणि मला देव आठवला.

‘मे महिन्यात याची दहावीची व्हेकेशन बॅच सुरू झाली असेल ना?’

खोलीत जी शांतता पसरली ती फक्त मराठी घरातच पसरू शकते. थोरल्या सूनबाईंनी नाताळ, मिकी, सगळं सोडून मान ताठ केली. ‘छे छे, मे महिना शक्यच नाही.’ आजोबांनी पासपोर्ट माझ्याकडे सरकवले. ‘तत्काळला काय काय कागद लागतात?’ नववीतल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही. आपला बळी दिला गेलाय एवढं त्याला कळलं होतं, कशासाठी ते नाही.

तीन खोल्या धरल्या. चार, तीन, दोन. मलेशियाला व्हिसा लागत नाही, सिंगापूरचा लागतो, आणि जहाज परत सिंगापूरलाच येतं म्हणून तो एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना हे मी दोनदा तपासते. त्याच संध्याकाळी धाकटीला सविस्तर लिहिलं: डॉक्टरांचं पत्र लागेल, त्यावर बाळंतपणाची अंदाजे तारीख आणि प्रवासाला हरकत नाही हे स्पष्ट हवं, प्रवास विम्यात गरोदरपणाचा खर्च सहसा धरत नाहीत, आणि ऐन वेळी डॉक्टर नको म्हणाल्या तर पैसे बुडतील. गोड बोलून विकायची ही जागा नव्हती. तिचं उत्तर आलं, ‘बुडाले तर बुडाले. डॉक्टरांनी नाही म्हटलं तर मी मुलाला घेऊन घरी थांबेन, बाकीच्यांना जाऊ दे.’

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी आजींचा फोन. आवाज चढलेला होता, पण रागाने नव्हे.

‘तुला माहीत होतं.’

‘काय, आजी?’

‘गुडघे गुडघे करत होतीस ते. माझे गुडघे उत्तम आहेत.’

मग त्यांचं खरं काम निघालं. अशा दिवसांत सुनेला समुद्रावर न्यायचं म्हणजे काय, रद्द करू या का. मी म्हटलं, हे माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही, तिच्या डॉक्टरांना विचारा. विचारलं गेलं. आजी स्वतः तपासणीला बरोबर गेल्या आणि बहुधा डॉक्टरांचीही तपासणी करून आल्या. पत्र मिळालं. भाऊबीज उरकून मंडळी गेली. जहाजावर चढताना पत्र मागितलं, बघितलं, परत दिलं. धाकटीने तीन दिवस बहुतेक सावलीत पाय वर करून काढले, कारण अडीच वर्षांच्याला आजोबांनी ताब्यात घेतलं होतं. होड्या मोजायला.

परवा थोरल्या सूनबाई आल्या होत्या. पुढच्या दिवाळीला डिस्नेच, आता काही ऐकणार नाही म्हणाल्या. बाळ तोवर आठ महिन्यांचं होईल, म्हणजे चालेल. दिरांचा पोरगा तीन वर्षांचा होऊन गेलेला असेल, पण अजून शू सांगत नाही म्हणे. मी म्हटलं, त्याच्या मागे आत्तापासून लागा. आणि बाळाचा पासपोर्ट काढायला टाका, फोटोत डोळे उघडे लागतात.