तुम्ही विचारलंत म्हणून: कमर्शियल लिटिगेशनमध्ये (व्यापारी वादांच्या कोर्टकामात) कसा आलो

लॉची पोरं भेटली की हमखास विचारतात, सर तुमचं बॅकग्राउंड काय, बी.कॉम. होतं का, घरात कोणी वकील होतं का. तर वकील कोणीच नव्हतं. सांगलीला मार्केट यार्डात आमची हळदीची अडत होती, आणि वर्षाअखेरी कीर्द-खतावणी जुळवायला वडील मला बसवायचे, तेव्हा जाम वैताग यायचा, पण खरं सांगू का, आजच्या कामात तेच जास्त उपयोगी पडतंय.

मग चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज. तिथे लेक्चरं सकाळी, नंतर दिवस मोकळा, म्हणून फोर्टातल्या एका सॉलिसिटर ऑफिसात चिकटलो आणि पुढे तिथेच आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटर होण्यासाठीची उमेदवारी केली. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) पूर्वी सॉलिसिटरने फाइल उभी करायची आणि काउन्सेलने कोर्टात बोलायचं अशी कायद्यानेच वाटणी होती, ती १९७० च्या दशकात कायद्यातून गेली पण सवयीतून काही गेली नाही. सुरुवातीची वर्षं झेरॉक्स, पेजिनेशन, रजिस्ट्रीने (कोर्टाच्या कार्यालयाने) फाइलमध्ये काढलेल्या त्रुटी दूर करणं, बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, मॅटर कितवं लागलंय ते बघून सीनिअरना फोन करणं, ह्यातच गेली. आणि लिस्ट ऑफ डेट्स, म्हणजे प्रकरणातल्या घटनांची तारीखवार यादी बनवणं. हे काम कोणालाच नको असायचं, मला आवडायचं.

लोकांना वाटतं ह्या कामात तोंड चालायला हवं, पण खरं काम कागद वाचण्याचं. एक उदाहरण देतो. सप्लायरचे पैसे थकलेत, शेवटच्या बिलाला तीन वर्षं कधीच उलटून गेलीत, समोरचा निवांत, म्हणतो दावा मुदतबाह्य आहे. आता क्लायंटने खोकं भरून आणलेले कागद उपसत बसायचं. त्यात एखादं बॅलन्स कन्फर्मेशनचं, म्हणजे बाकी मान्य असल्याचं पत्र निघतं, खाली कंपनीचा रबरी शिक्का, सही, आणि बाजूला पेनाने घाईत टाकलेली तारीख. ती तारीख तीन वर्षांच्या आतली असली तर लिमिटेशन अ‍ॅक्टच्या (दाव्याच्या मुदतीच्या कायद्याच्या) कलम १८ प्रमाणे तिथून पुढे नवीन तीन वर्षं मिळतात. मुदत संपल्यावरची सही असेल तर त्या कलमाखाली ती बिनकामाची. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बॅलन्स शीटमधली नोंदही कबुली ठरू शकते, पण तिच्यासोबतच्या नोट्स वाचूनच ठरवायचं, म्हणजे परत आलं वाचणंच!

२०१५ चा कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्ट आल्यापासून तर आळशी वकिलाची खैर नाही. समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत रिटन स्टेटमेंट (दाव्याला लेखी उत्तर) गेलं नाही की प्रतिवादीचा तो हक्कच गेला. आधी १ कोटीच्या वरचेच वाद त्यात बसायचे, २०१८ मध्ये ही मर्यादा ३ लाखांवर आणली, त्यामुळे जिल्ह्याच्या कोर्टातही हे काम आलंय, त्यासाठी मुंबईत भाड्याच्या खोलीत कुढत राहायलाच हवं असं नाही. बी.कॉम. नसलं तरी चालतं, फक्त लेजर बघून झोप यायला नको.

पोरं मला ‘सीनिअर’ही म्हणतात, म्हणून राहिला प्रश्न ‘सीनिअर’चा. मी वयाने सीनिअर, गाऊनवाला नाही. हायकोर्टाने सीनिअर अ‍ॅडव्होकेट म्हणून डेझिग्नेट केलं की स्वतःचा वकालतनामा टाकता येत नाही आणि ड्राफ्टिंगही सोडावं लागतं. ऑफिसातले अधूनमधून टोचतात, अर्ज करा म्हणून. ड्राफ्टिंग सोडायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून केलेला नाही.