काय येतं ते लिहा

गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटसाठी तीन बैठका झाल्या, आणि तिन्ही वेळा माझ्या वहीत फक्त तक्रारी जमल्या. कचरा, डास, अंधार, साचलेलं पाणी. वस्ती संघटक म्हणून अशा याद्या मी कितीतरी केल्या आहेत. यादी पालिकेत जाते, लोक घरी जातात.

चौथ्या बैठकीला मी प्रत्येकाला एक कोरं कार्ड दिलं. म्हटलं, "आज काय नाही ते लिहू नका. तुम्हाला काय येतं ते लिहा." वस्तीत काय कमी आहे यापेक्षा काय आहे हे आधी मोजायचं, ही पद्धत जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या अमेरिकी अभ्यासकांनी १९९३ मध्ये सविस्तर मांडली. वाचताना सोपी वाटते. त्या दिवशी मात्र बराच वेळ कुणी पेन उचललं नाही.

एका आजींनी कार्ड तसंच परत दिलं. "मला काय येणार? मी आपली दिवसभर खिडकीत बसलेली."

"खिडकीतून काय दिसतं, आजी?"

त्या सांगू लागल्या आणि सगळे त्यांच्याकडे वळून बसले. कचरा गल्लीतलं कुणी टाकत नाही. रात्री उशिरा मागच्या रस्त्याने गाडी येते, तीही कोपऱ्यावरचा दिवा बंद असला की. पाऊस पडला की पाणी आधी डाव्या भिंतीशी थांबतं, मग दारांकडे वळतं. माझ्या एकाही सर्वेक्षणात हे आलं नव्हतं, कारण आजींना कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हणजे उतार उलटा आहे," मागून एक गवंडीकाका म्हणाले. ते उठून घरी गेले आणि पाण्याने पातळी मोजायची पारदर्शक नळी घेऊन आले. बैठक तिथूनच प्लॉटवर गेली.

तिथे वाद झालाच. एका दादांना उंच भिंत आणि कुलूप हवं होतं; काहींच्या मते एकदा साफ केलं की पुरे. मी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. तिथे ५४१ पडीक प्लॉट निवडून काहींवर गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण केलं, काही नुसते साफ केले, काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या प्लॉटजवळ राहणाऱ्यांची उदासी बरीच घटली होती. नुसत्या साफसफाईने तसा फरक पडला नव्हता. दादा गप्प झाले, मग म्हणाले, "बुटकं कुंपण मी करतो."

कामं वाटताना मी एका गोष्टीवर अडून बसले. लोकसहभागाच्या नावाखाली पालिकेचं काम लोकांच्या गळ्यात पडलेलं मला चालत नाही. कराचीतल्या ओरंगी वस्तीत १९८० पासून समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांच्या पुढाकाराने लोकांनी गल्लीतल्या सांडपाण्याच्या वाहिन्या स्वखर्चाने घातल्या, पण मोठी वाहिनी सरकारचीच मानली. आम्हीही तशीच रेघ ओढली. सपाटीकरण, झाडं, कुंपण आमचं. दिवा आणि मागचा नाला पालिकेचा, आणि त्याचा पाठपुरावा रोज एकजण करणार.

तोवर काकांनी नळीत पाणी भरलं होतं. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं एका शाळकरी मुलीच्या.

"पाणी थांबलं का?"

"थांबलं!"

दोन्ही भिंतींवर खडूच्या खुणा झाल्या. खुणेपासून जमिनीपर्यंत मोजलं, तर डावी बाजू चांगली वीतभर खाली. आजींना कुणीतरी खुर्ची आणून दिली होती. त्या मुलीला सांगत होत्या, "अजून जरा पुढे धर गं. पाणी तिथे थांबतं."