ज्या सभेत आपले भाषण नसते

टोस्टमास्टर्स या वक्तृत्वाचा सराव देणाऱ्या संस्थेच्या क्लबमध्ये नव्याने आलेल्या सभासदाचे लक्ष साहजिकच भाषणाकडे लागलेले असते. आइस ब्रेकर म्हणजे पहिले भाषण कधी मिळेल, त्यानंतरचे भाषण कधी, अभ्यासक्रमाची पहिली लेव्हल कधी पूर्ण होईल, असे प्रश्न तो विचारतो आणि ज्या सभेच्या अजेंड्यावर वक्त्यांमध्ये आपले नाव नाही, त्या सभेला दांडी मारण्याकडे हळूहळू त्याचा कल होऊ लागतो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण पाहुण्यांना क्लबची माहिती देताना आपणही बहुधा भाषणांविषयीच बोलत राहतो. पण थोडा हिशेब करून पाहावा. वीस सभासदांचा क्लब आहे, सभा दर आठवड्याला होते आणि प्रत्येक सभेत दोन किंवा तीन तयार भाषणे होतात, असे धरले तर एका सभासदाची पाळी साधारण दोन महिन्यांनी येते; सभा पंधरवड्याने होत असेल तर चार महिन्यांनी. मधल्या सभांमध्ये हाती असतात ते रोल, म्हणजे वेळ मोजणारा टायमर, बोलण्यातले भरीचे शब्द टिपणारा आह-काउंटर, भाषेकडे लक्ष देणारा ग्रॅमेरियन, उत्स्फूर्त उत्तरांसाठी प्रश्न विचारणारा टेबल टॉपिक्स मास्टर, भाषणाचे मूल्यमापन करणारा इव्हॅल्युएटर आणि सभेचे सूत्रसंचालन करणारा टोस्टमास्टर ऑफ द डे. बोलण्याची खरी जडणघडण या मधल्या सभांतच होते, असे माझे ठाम मत आहे आणि त्याची कारणे सविस्तर मांडावीत म्हणून हे लिहीत आहे.

या रचनेमागे सुरुवातीपासूनच विचार होता. टोस्टमास्टर्सचे संस्थापक राल्फ स्मेडली यांनी 1905 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ब्लूमिंग्टन येथील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेत तरुणांना बोलण्याचा सराव देण्यासाठी पहिला गट सुरू केला, आणि ज्या क्लबपासून आजच्या संस्थेचा इतिहास मोजला जातो तो 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातील सांता अ‍ॅना येथील वायएमसीएच्या तळघरात भरला. सभासदांनी आळीपाळीने सभा चालवावी, छोटी भाषणे करावीत आणि एकमेकांच्या भाषणांवर अभिप्राय द्यावा, ही पद्धत तेव्हापासूनची आहे. पगारी शिक्षक नाही, परीक्षक नाही. जो आज बोलतो तोच पुढच्या सभेत वेळ मोजतो आणि त्याच्या पुढच्या सभेत दुसऱ्याच्या भाषणाचे मूल्यमापन करतो. रोल हे भाषणांच्या सोयीसाठी नंतर जोडलेले काम नव्हे, शिकवण्याची पद्धतच ती आहे.

टायमरचा रोल नव्या सभासदाला सर्वांत आधी दिला जातो, कारण तो यांत्रिक आणि बिनधोक वाटतो. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल संकेत द्यायचा, त्यापुढे अर्ध्या मिनिटाची सवलत. टेबल टॉपिक्सच्या उत्स्फूर्त उत्तरासाठी हेच संकेत एक, दीड आणि दोन मिनिटांना. मूल्यमापनासाठी दोन, अडीच आणि तीन मिनिटांना. एवढे सांभाळले की काम झाले, असे वाटते. पण हातात घड्याळ घेऊन चार-पाच सभा लक्षपूर्वक ऐकल्या की भाषणाच्या बांधणीविषयी जे कळते, ते वाचून सहसा कळत नाही. हिरवे कार्ड वर गेले तरी प्रास्ताविकातच रेंगाळलेला वक्ता दिसतो. पिवळे कार्ड पाहताच बोलण्याचा वेग वाढवणारा दिसतो, आणि त्या घाईत नेमका त्याचा सर्वांत चांगला प्रसंग दोन वाक्यांत गुंडाळला जातो. क्वचित असाही वक्ता भेटतो, जो पिवळे कार्ड दिसल्यावर एक संपूर्ण मुद्दा शांतपणे सोडून देतो आणि समारोपाकडे वळतो. त्याने काय गाळले हे श्रोत्यांना कळतही नाही, टायमरला मात्र त्याची तयारी दिसते. माझ्या पुढच्या भाषणांतील प्रास्ताविके आखूड झाली, ती या निरीक्षणामुळे.

या रोलचा आणखी एक भाग दुर्लक्षित राहतो. सभेच्या सुरुवातीला टायमरने उभे राहून आपले काम समजावून सांगायचे असते. बरेच जण हातातल्या कागदावरचा मजकूर भराभर वाचून खाली बसतात. पण सभागृहात पहिल्यांदाच आलेला पाहुणा असतो, त्याला त्या रंगांचा अर्थ माहीत नसतो आणि आज कदाचित टेबल टॉपिक्समध्ये त्यालाच उभे राहायचे असते. त्याच्याकडे पाहून, कार्ड प्रत्यक्ष वर धरून दाखवत, अर्ध्या मिनिटात हे सांगणे म्हणजे एक छोटे भाषणच आहे. आणि ज्याची भाषणाची पाळी अजून दूर आहे, त्याला ही संधी जवळपास प्रत्येक सभेत मिळू शकते.

आह-काउंटरच्या रोलविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तो बहुतेक ठिकाणी अर्धाच पार पाडला जातो. वक्त्याच्या तोंडी किती वेळा ‘अं’ आले, किती वेळा ‘म्हणजे’, ‘तर’, ‘काय आहे ना’ आले, याच्या रेघा ओढायच्या आणि शेवटी आकडे वाचून दाखवायचे, असा हा रोल समजला जातो. नुसत्या आकड्याने वक्ता ओशाळतो, सुधारत नाही. मी रेघा ओढताना शेजारी एक लहानशी खूण करते: शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला, मध्ये आला, की एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना आला. असे केले की चित्र स्पष्ट होऊ लागते. एखाद्या वक्त्याचे सगळे ‘तर’ मुद्दा बदलतानाच येतात, याचा अर्थ पुढचा मुद्दा काय हे त्याला आठवावे लागते आहे, जोडवाक्य तयार नाही. दुसऱ्याचे ‘म्हणजे’ आकडे आणि नावे सांगतानाच येते, याचा अर्थ तेवढाच भाग पाठ झालेला नाही. अहवालात आपण हे सांगितले, आणि ‘त्या जागी शब्द न घालता क्षणभर थांबून पाहा’ एवढेच पुढे जोडले, तर ऐकणाऱ्याला घरी जाऊन करण्यासारखे काहीतरी मिळते. दुसऱ्यांच्या बोलण्यातले हे शब्द टिपताना स्वतःचे शब्दही आपल्या कानाला जाणवू लागतात, हा त्यातला आपला लाभ.

ग्रॅमेरियनचे काम भाषेकडे लक्ष देण्याचे. ‘आजचा शब्द’, म्हणजे त्या सभेत सर्वांनी वापरून पाहायचा शब्द, निवडताना तो सभेत सहज वापरता येईल असा असावा. विद्वत्ता दाखवणारा दुर्मीळ शब्द निवडला की तो दिवसभर फलकावरच राहतो. आणि अहवालात चुकांपेक्षा चांगल्या वाक्यांची नोंद अधिक असावी, कारण आपले एखादे वाक्य दुसऱ्याने शब्दशः टिपून ठेवले आहे हे कळल्यावर वक्त्याला जो हुरूप येतो, तो मी अनेकदा पाहिला आहे.

टेबल टॉपिक्स मास्टरकडे सभेचा उत्साह सोपवलेला असतो. प्रश्न लहान हवा, एका दमात ऐकून लक्षात राहील असा, आणि उत्तरासाठी विशेष माहिती लागू नये असा. ‘महागाईची कारणे कोणती?’ या प्रश्नाने माणूस गोठतो. ‘तुम्ही जपून ठेवलेली एखादी निरुपयोगी वस्तू कोणती?’ या प्रश्नाने बोलता होतो. आधी प्रश्न विचारावा आणि मग नाव घ्यावे, म्हणजे त्या काही क्षणांत सगळेच मनातल्या मनात उत्तर जुळवू लागतात. नाव आधी घेतले तर बाकीचे निर्धास्त होऊन बसतात. ज्यांना त्या दिवशी कोणताच रोल मिळालेला नाही त्यांना प्रथम बोलवावे आणि पाहुण्याला त्याची तयारी आहे का हे आधी विचारून घ्यावे. स्वतःचे निवेदन मात्र थोडक्यात आटोपावे, कारण या सत्रातला वेळ उत्तरे देणाऱ्यांचा असतो.

सर्वांत अवघड आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा रोल इव्हॅल्युएटरचा. पाथवेज या टोस्टमास्टर्सच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच लेव्हलमध्ये मूल्यमापनाचा प्रकल्प ठेवलेला आहे आणि त्यात दुसऱ्याच्या भाषणाचे मूल्यमापन करणे आवश्यक केलेले आहे, ही व्यवस्था मला फार योग्य वाटते. हे काम भाषण सुरू होण्याआधीच सुरू होते. वक्त्याला निदान एक दिवस आधी फोन करून विचारावे की या प्रकल्पाचा उद्देश काय आहे आणि तू स्वतः कशाकडे लक्ष द्यायला सांगशील. ‘माझे हात कुठे ठेवावेत हेच मला कळत नाही, तेवढे बघशील का?’ असे उत्तर आले की आपल्या ऐकण्याला दिशा मिळते.

मग ते दोन-तीन मिनिटांचे मूल्यमापन. स्तुती, सूचना, पुन्हा स्तुती असा साचा नव्या सभासदाला शिकवला जातो आणि सुरुवातीला त्याचा आधारही होतो, पण पुढे तो इतका अंगवळणी पडतो की पहिली स्तुती सुरू होताच वक्ता मधल्या सूचनेची वाट पाहत बसतो आणि स्तुती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. यावर उपाय एकच, दोन्ही गोष्टी नेमक्या असणे. ‘आत्मविश्वास वाढवा’ ही सूचना नव्हे, कारण तो कसा वाढवायचा हे त्यातून कळत नाही. एका सभेत एका सभासदाने आजोबांच्या दुकानाविषयी भाषण केले होते. दुकान बंद झाल्याचे वाक्य त्याने उच्चारले आणि त्याच श्वासात ‘यावरून मी तीन गोष्टी शिकलो’ असे म्हणून तो पुढे गेला. त्याच्या मूल्यमापकाने एवढेच सांगितले: “दुकानाचे शटर शेवटचे खाली ओढले, हे तुम्ही सांगितलेत तेव्हा मी तिथे उभी होते. मला तिथे आणखी थोडे थांबायचे होते. पुढच्या वेळी त्या वाक्यानंतर मनात तीन अंक मोजा आणि मगच बोला.” त्या सूचनेत दोष दाखवणारा एकही शब्द नव्हता. ‘तुम्ही चुकलात’ऐवजी ‘मला असे जाणवले’ असे म्हटल्याने सूचना सौम्य होते आणि अचूकही, कारण मूल्यमापक हा अखेर एकच श्रोता असतो आणि त्याला तेवढ्याचीच खात्री देता येते. पुढच्या भाषणात त्या सभासदाने तसा विराम घेतला, आणि सगळे सभागृह त्याच्याबरोबर थांबले.

टोस्टमास्टर ऑफ द डे होणे म्हणजे या सर्वांना एका सूत्रात बांधणे. आठवडाभर आधी प्रत्येकाकडून होकार मिळवायचा, वक्त्यांकडून भाषणाचे शीर्षक आणि ओळखीच्या दोन ओळी मागवायच्या, ऐनवेळी कोणी आले नाही तर काय करायचे ते ठरवून ठेवायचे. ओळख करून देताना भाषणातला मजकूर आधीच सांगून टाकू नये, आणि बोलावलेली व्यक्ती येऊन हस्तांदोलन होईपर्यंत लेक्टर्न, म्हणजे वक्त्यासमोरचे उभे मेज, सोडू नये, एवढी शिस्त पाळली तरी सभेला एक घाट येतो. अडचणीमुळे स्वतःला येता येणार नसेल तर रोल सोडताना बदली माणूसही आपणच शोधावा. सभांचे वेळापत्रक आणि रोल ठरवणाऱ्या व्हाइस प्रेसिडेंट एज्युकेशनला सभेच्या दिवशी दुपारी ‘जमत नाही’ एवढाच निरोप धाडणे योग्य नाही. त्या पदावरच्या माणसाची संध्याकाळ मग फोन करण्यातच जाते आणि बहुधा एखाद्या तयारी नसलेल्या नव्या सभासदावर तो रोल येऊन पडतो.

नव्या सभासदाने टायमरपासून सुरुवात करावी, मग आह-काउंटर, ग्रॅमेरियन, टेबल टॉपिक्स मास्टर, आणि एक-दोन भाषणे झाली की इव्हॅल्युएटर, हा क्रम मला सोयीचा वाटतो. मात्र जुन्या सभासदांनीही छोटे रोल सोडू नयेत. अनेक वर्षे बोललेला माणूस आह-काउंटर होतो आणि कोणत्या मुद्द्यापाशी कोण अडखळले हे टिपून सांगतो, तेव्हा हा रोल कसा करायचा याचा नमुना नव्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळतो. आमच्या क्लबमध्ये म्हणूनच नव्या सभासदाच्या पहिल्या रोलच्या आधीच्या सभेत तोच रोल एखाद्या अनुभवी सभासदाला दिला जातो आणि नव्या सभासदाची खुर्ची त्याच्या शेजारी ठेवली जाते.