थायरॉइडची गोळी: नणंदेला पंचवीस, मला शंभर

रक्त दिलं, टीएसएच (थायरॉइड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली. इथवर काही अडलं नाही. घोडं अडलं ते डोसवर.

ओपीडीत दर वेळी तेच. बाहेर बाकावर सकाळ जायची. आत गेलं की डॉक्टर रिपोर्टमधला एकच आकडा बघणार, ‘अजून जास्तच आहे’ म्हणणार आणि डोस वाढवणार. पन्नास मायक्रोग्रॅमचे पंचाहत्तर, पंचाहत्तरचे शंभर. बाई, गोळी घेता कशी, हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती. माझी कॅल्शियमची गोळीही सकाळचीच होती. तीही त्याच केसपेपरवर, वरच्याच ओळीत लिहिलेली! शेवटी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी ती ओळ वाचली. म्हणाल्या, ‘दोन्हींत चार तास तरी जाऊ द्या.’ कॅल्शियम काय, लोहाची गोळी काय, थायरॉइडचं औषध पोटातच अडवून धरतात, ते रक्तात पुरतं उतरतच नाही. कॅल्शियम रात्री घ्यायला लागले आणि पुढच्या रिपोर्टात टीएसएच इतका खाली आला की डोस उतरवावा लागला. एवढ्या फेऱ्या कशासाठी घातल्या मग?

तोवर नणंदेचं चालूच होतं, ‘वहिनी, मला पंचवीसच आहे हं, तुझा फारच वाढलाय.’ अहो, हे काय परीक्षेतले मार्क आहेत? तिची ग्रंथी अजून थोडंफार काम करते, तिला वरचा हातभार पुरतो. ग्रंथी पूर्ण थंडावली की हिशेब वजनावर जातो, किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. सासूबाईंना हृदयाचा त्रास, त्यामुळे त्यांची सुरुवात साडेबारापासून. गरोदरपणात गरज वाढते. कॅन्सरमुळे ग्रंथी काढलेल्या काहींचा टीएसएच मुद्दामच खाली ठेवतात, म्हणून त्यांना डोस जास्त.

हो, डोस बदलला की लगेच लॅबमध्ये धावू नका. हे औषध रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, रिपोर्ट फसवा येऊ शकतो. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने.

आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या, वेळेसकट, कागदावर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मी लाल पेनाने लिहिते.