पुळणीचा फोटो

मॉरिशसहून येऊन आज नऊ दिवस झाले. कपडे धुऊन कपाटात गेले, वाळू अजून बॅगेच्या शिवणीत आहे. आणि त्या आजींना मी ‘हो’ का म्हणाले, तेही तसंच अडकून बसलंय.

फ्लिक-आं-फ्लाकचा किनारा, रविवारची दुपार. सुरूच्या सावलीत चटया टाकून घरंच्या घरं बसलेली. आम्ही नुसते उभे होतो, तर एका चटईवरून हाक आली आणि हातात ढोल-पुरी ठेवली गेली. आत चण्याची डाळ, पुरणपोळीच जणू, फक्त गुळाविना. सुमेधने दोन खाल्ल्या.

आजी कास्कावेल गावच्या. मराठी मोडकी, मध्ये तिथली क्रिओल बोली, मध्ये हिंदी. पण ‘सुखकर्ता’ म्हणून दाखवली ती अख्खी, कुठेही न अडखळता. पणजोबा रत्नागिरीकडचे, एवढंच घरात उरलेलं. गावाचं नाव कुणालाच माहीत नाही.

आदल्या दिवशीच पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या, मजूर उतरायचे त्या जुन्या धक्क्याच्या, दगडी पायऱ्या पाहिल्या होत्या. १८३४ पासून मळ्यांत राबायला आणलेली सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर उतरली. त्यांतलेच कुणी आजींचे पणजोबा. पायऱ्यांपाशी मला काहीच बोलता आलं नव्हतं. आप्पा असते तर... असो.

जेवणं झाली. आजींच्या नातवाने कागद, साली, बाटल्या उचलून पिशवीत भरल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. मग आजींनी विचारलं, “पोरी, रत्नागिरीचा दर्या असाच ना?”

मी म्हणाले, “हो आजी, अस्साच.”

कशी म्हणाले? आमच्या पुळणीवर विसर्जनानंतर प्लास्टरचे हात, सोंडा, थर्माकोल लाटांबरोबर पुढे-मागे होत असतात. शेजारी बाटल्यांचा खच. मॉरिशसमध्ये २०१६ला प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, आपल्याकडे २०१८ला. म्हणजे कायद्याचाही आडोसा नाही. मलाच का लाजायला लागावं, असं विमानात येत राहिलं. पाहुणी म्हणून गेले आणि खोटं बोलून आले. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हातारीचं मन राखलंस, त्यात काय. तिच्याशी पुढे बोलणंच झालं नाही.

मन राखलं की माझी लाज?

काल आजींच्या नातीचा निरोप आला. आजीला रत्नागिरीच्या दर्याचा फोटो हवाय, देवघराशेजारी लावायला. रात्री जुने अल्बम काढले. लहानपणीचा एक फोटो सापडला, पुळण स्वच्छ, पांढरी. तोच पाठवावा, असं ठरवून झोपले.

सकाळी उठल्यावर मात्र तो परत ठेवून दिला. आताचाच काढून पाठवेन. आजींना सुरूची झाडं ओळखू येतील. लाटही ओळखू येईल. उरलेलं दिसेल तसं दिसू दे. विचारलं तर सांगेन की तेव्हा मी खरं बोलले नाही. रागावणाऱ्यातल्या त्या वाटल्या नाहीत. आणि रागावल्या तर ऐकून घेईन, हक्क आहे त्यांचा.

शनिवारी रात्रीची गाडी मिळतेय. रविवारी ओहोटी किती वाजता आहे, ते तात्यांना विचारायचंय. गोणपाटाच्या दोन गोण्याही काढून ठेवायला सांगते.